शार्लीनच्या डोक्यावरची टोपी

टोपी. टोपी. खिडकीला टोपी, तिच्या मागं टोपी, पेंगणारी टोपी, फोनला चिकटलेली टोपी.

बसच्या दारात उभा राहून सत्यजीत बोट नाचवत मोजत होता. सीटच्या पाठी उंच होत्या. माणसं दिसत नव्हती, दिसत होत्या त्या निळ्या टोप्या. कंपनीनं त्या वाटल्या होत्याच त्यासाठी.

"फुल्ल!" तो म्हणाला. "चला ड्रायव्हरसाहेब. गो, गो."

नीलमनं पुढच्या सीटवरून मागं वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत, झोपलेल्या पार्वतीबाईंच्या पलीकडं, एक निळी टोपी खिडकीकडं कलली होती. काढली नाही अजून, असं तिच्या मनात आलं. आणि तिला बरं वाटलं.

त्या बरं वाटण्याची तिला पुढं फार लाज वाटणार होती.

*

टोपीचं आधी सांगायला हवं. टोपीच्या आधी दुकानाचं.

यवतला हायवेच्या कडेला येमाई कृषी सेवा केंद्र आहे. पाटीवरची देवी सासूच्या माहेरची, कवठ्याची. लायसन मात्र नीलमच्या नावाचं, कारण घरात शेतीची डिग्री तिचीच. नवरा दत्ता गोडाऊन आणि टेम्पो बघतो. एका खताच्या कंपनीची डीलर लोकांसाठी स्कीम होती: टार्गेट गाठा आणि जोडीनं परदेशी जा. दर वर्षी बँकॉक असायचं. या वर्षी कंपनीतल्या कुणा साहेबाला सुचलं की अमेरिकेच्या खाली समुद्रात रंगीबेरंगी बेटं आहेत, तिथं मोठ्या बोटीतून डीलर फिरवावेत. शिरूर, दौंड आणि आसपासचे मिळून एक बसभर लोक निघाले. सांभाळायला कंपनीचा सत्यजीत.

दत्ताचा व्हिसा नामंजूर झाला. का, ते कुणी सांगितलं नाही. नीलमच्या मनात आपली बहीण भाग्यश्री होती. तसं ती बोलून दाखवणार, तेवढ्यात दत्ता म्हणाला, "आईला ने. तिनं काय पाह्यलंय?"

विठाबाई मुंबईला व्हिसाच्या खिडकीपुढं नऊवारीत उभी राहिली. कशाला चाललात, असं विचारल्यावर म्हणाली, "सून नेती म्हणून." एवढ्यावर तिचा व्हिसा झाला. नीलमला हसावं की रडावं ते कळेना.

निघताना दत्तानं एकच गोष्ट तीनदा सांगितली. विमानतळावर सांगितली, गाडीत सांगितली, त्याच्या आधी घरात सांगितली.

"आईला नीट आण."

*

आणि ही सकाळ. बोटीतून उतरायच्या दारात.

"आजी, टोपी," सत्यजीत म्हणाला.

"मला पदर हाय."

"पदर मोजता येत नाही ना आजी. टोपी म्हणजेच तिकीट समजा."

"मग तिकीट हातात धरते. डोक्यावं कशाला?"

मागं रांग तुंबली होती. बबनराव, शिरूरचे डीलर, पार्वतीबाईंचे मालक, मोठ्यांदा म्हणाले, "विठाबाई, घाला ओ! आमची बघा कशी बसलीया, लग्नात बसली न्हवती अशी!" सगळे हसले. नीलमला ते हसणं आपल्यावरच वाटलं. तिनं टोपी हिसकून घेतली, सासूच्या डोक्यावर पदरावरून बसवली आणि तिच्याच ब्लाऊजची मोठी पिन काढून ती टोपीच्या कडेतून पदरात खोचली.

"आत्या," ती दात आवळून म्हणाली, "सगळी बघायला लागलीत. माझी शोभा करू नका."

विठाबाई काही बोलली नाही. ती बोलते तेव्हा निभावतं. न बोलणं वाईट.

गळ्यातलं बोटीचं कार्ड मानेला घासतंय, अशी ती कालपासून तक्रार करत होती. नीलमनं तेही काढून आपल्या पर्समध्ये टाकलं. "राहू द्या माझ्याकडं. हरवाल नाहीतर."

बसमध्ये नीलम पुढं बसली. विठाबाई मागं गेली.

*

दत्ताचा आवाज, यवतहून:

"नीलम, पोचला का त्या बेटावर? सार्थक जेवला, आता झोपंना. म्हणतोय आजीचा आवाज आला न्हाई. परवा त्या बंदरावरनं पाठवला तसा पाठव. दोन शब्द बोलाय लाव तिला."

नीलमनं तो ऐकला होता. पाठवू नंतर, म्हणून ठेवून दिला होता.

*

बेटाचं नाव कुरासाव. पाण्याच्या कडेला घरांची रांग, आणि प्रत्येक घर पोळ्याच्या बैलासारखं रंगवलेलं: हळदी, गुलाबी, मोरपंखी, डाळिंबी. वारा असा की टोपी धरून बोलायचं. त्यांची गाईड शार्लीन, उंच, भरल्या अंगाची, हसली की बसच्या काचा हलाव्यात अशी. उतरल्या उतरल्या तिनं प्रत्येकाला "बोन बिनी" म्हटलं, म्हणजे या, आपलंच आहे. नीलमनं घरांचे फोटो काढले. घरांपुढं स्वतःचे काढले. भाग्यश्रीला व्हिडिओ कॉल लावला आणि पाण्याच्या कडेनं चालत लांब गेली. सासूकडं तिनं दोन वेळा पाहिलं. बघ, पाहिलं की, असं स्वतःला सांगता येईल इतकंच.

मग बस. मग टोपी, टोपी, टोपी. फुल्ल.

*

बस उंच पुलावरून खाडीच्या या बाजूला आली आणि धक्क्यावर थांबली. समोर त्यांची बोट. कवठ्यातली सगळी घरं एकावर एक रचली तरी तिच्या खांद्याला लागली नसती. भोंगा एकदा वाजून गेला होता. सत्यजीत हातानं वारा घालावा तसा माणसांना पुढं ढकलत होता.

लोक उतरले. शेवटी पार्वतीबाई, गुडघा धरत. त्यांच्या मागून निळी टोपी उतरली आणि टोपीखाली शार्लीन होती.

नीलम तिच्याकडं बघून हसलीसुद्धा. मग तिला टोपीच्या कडेला लोंबणारी पिन दिसली.

"आत्या कुठंयत?"

पार्वतीबाई म्हणाल्या, "तुमच्याजवळ ना?"

"तुमच्याजवळ बसल्या होत्या."

"जाताना बसल्या व्हत्या. येताना म्हणलं सुनेजवळ बसल्या असतील. माझा तर बाई डोळाच लागला."

नीलम बसमध्ये चढली. रिकाम्या सीटांवरून हात फिरवत शेवटपर्यंत गेली, जणू माणूस चिल्लरीसारखं फटीत जातं. खाली उतरली आणि शार्लीनसमोर जाऊन उभी राहिली.

"ही टोपी हिच्याकडं कशी आली?"

"सत्कार केला की!" बबनराव म्हणाले. अजून त्यांच्या ध्यानात काही आलं नव्हतं. "बाई एवढी उन्हात आपल्याला फिरवती, तिला रिकाम्या हातानं लावून द्यायची व्हय? आपल्यात रीत न्हाई तशी. म्या म्हणलं, सत्कार करू. नारळ तिथंच घावला. ब्लाऊजपीस विठाबाईंच्या पिशवीत व्हतं. टोपी ज्यादा न्हवती, तर त्या म्हणल्या, घ्या माझी, डोक्याला टोचतीच हाय. त्यांच्याच हातानं घातली. मी दोन शब्द बोललो. फोटु हाय, दावू?"

त्यांनी दाखवलाच. फोटोत शार्लीन वाकलेली, तिच्या कपाळावर कुंकू, आणि विठाबाई तिच्या डोक्यावर टोपी बसवत तोंडभर हसत होती. मागं, पाण्याच्या कडेला, एक पाठमोरी बाई फोनवर बोलत होती. ती नीलम.

"मी मोजलं होतं," सत्यजीत पुटपुटला. "मॅडम, खरंच फुल्ल होतं."

"तुम्ही टोप्या मोजल्या."

*

म्हातारीजवळ फोन आहे पण त्यात इथलं नेटवर्क नाही, कार्ड आहे पण ते माझ्या पर्समध्ये, पासपोर्ट बोटीत तिजोरीत, पैसे कनवटीला असतील ते आपले आणि इथं कोण घेणार, चष्मा लांबचा ती लावत नाही, बोटीचं नाव तिला येत नाही, बेटाचं नाव येत नाही, कुणी विचारलं तर ती सांगणार यवत, फार तर सांगणार कासुर्डीच्या पुढं, आणि ऊन, आणि तिची सकाळची गोळी झालीय पण दुपारची, दुपारची गोळी माझ्याच

*

"बोट थांबणार नाही मॅडम," सत्यजीत म्हणत होता. "त्यांचा नियम असतोय. तुम्ही वर चला, आपण इथल्या माणसाला कळवू, ते आजींना विमानानं पुढच्या बंदराला..."

"विमानानं? आत्यांना? एकटीला?"

"न्हाई थांबत म्हंजी?" बबनरावांना आता समजलं होतं आणि समजल्याबरोबर ते तापले होते. "आपलं मानूस राह्यलंय! चढूच नगा कुणी. बसा इथंच खाली. बघू कशी जाती."

"बबनराव, हा हायवे नाही ओ," सत्यजीत रडकुंडीला आला. "आपल्याला सोडून जाईल ती."

"हायवेला पन असंच म्हनत्यात."

नीलमनं पर्स छातीशी धरली. दोन कार्डं त्यात, एक तिचं, एक सासूचं. चढायला दोन पावलं होती. वर गार हवा, गार पाणी, आणि सगळं कंपनीवर सोडून देता येणं. दत्ताला सांगताही आलं असतं: चूक सत्यजीतची, मोजलं त्यानं. खोटं नव्हतं. यवतला मात्र कुणी सत्यजीतचं नाव घेणार नव्हतं. यवतला, कवठ्याला, पार शिरूरच्या बाजारात एकच वाक्य फिरणार होतं, की सुनेनं सासूला नेली आणि सोडून आली. आणि त्यातलं खरं किती, हे फक्त नीलमला माहीत होतं.

तिनं शार्लीनचा दंड धरला. शार्लीनला भाषा कळली नव्हती, पण फोटोवरचं बोट, टोपी, रिकामी सीट, एवढं तिला पुरलं होतं. तिनं टोपी काढून हातात घेतली. चेहऱ्यावरचं हसू कुणी पुसून न्यावं तसं गेलं होतं. बस आता उंच पुलावरून फिरून जाईल तर वेळ लागेल, ती म्हणाली. पायी जाऊ, तरंगता पूल जवळ आहे.

दोघी पळत सुटल्या.

*

दत्ताचा आवाज:

"अगं पाठव की. का झोपली का आई? तिकडं तर दिवस हाय ना?"

*

त्या गावातला पूल होड्यांवर ठेवलेला आहे. लाकडी, लांब, माणसांनी चालत जायचा. मोठं जहाज आत यायचं असलं की तो एका टोकाच्या बिजागरीवर दारासारखा फिरतो, खाडी मोकळी करतो आणि या काठाला येऊन पडतो. जहाज गेलं की पुन्हा फिरून जागेवर. हे सकाळी शार्लीननं माइकवर सांगितलं होतं. नीलमनं ऐकलं नव्हतं.

त्या पोचल्या तेव्हा घंटा वाजत होती. जाळीचं फाटक बंद झालं होतं. पूल पलीकडच्या रंगीत घरांपासून सुटला होता आणि हळू, अगदी हळू, पाण्यावरून फिरत होता.

"दुसरा रस्ता?" नीलम म्हणाली. "होडी? काहीतरी असेल ना?"

शार्लीननं धापा टाकत छोट्या बोटीच्या धक्क्याकडं बोट दाखवलं. नीलम वळली. वळता वळता तिची नजर पुलावरून गेली आणि तिथंच अडकली. पुलावर काही माणसं राहिली होती. पर्यटक, कठड्याला टेकून फोटो काढत होते. आणि सगळ्यांच्या पलीकडं, सुटलेल्या टोकाजवळ, फळ्यांवर फतकल मारून, दोन्ही हातांनी कठड्याची सळई धरून बसलेलं एक हिरवं लुगडं.

हिरवं लुगडं पाण्यावरून चाललं होतं.

"आत्या!"

वाऱ्यानं हाक मागंच फेकली.

"आत्याऽऽ! ओ आत्या!"

विठाबाईनं मान वर केली. काठाकडं पाहिलं. काठावर शंभर माणसं होती, गॉगल, चड्ड्या, टोप्या. त्यात जीन्स घातलेली, निळी टोपी घातलेली सून लांबच्या चष्म्याशिवाय तिला कशी दिसावी? तिची नजर नीलमवरून गेली आणि पुढं गेली. मग तिनं डोळे मिटून घेतले.

नजर अशी आपल्यावरून सरकून जाते तेव्हा कसं वाटतं, ते नीलमला पहिल्यांदा कळलं.

तिनं टोपी काढून हलवली. काही उपयोग नाही. टोप्या सगळीकडं होत्या. शार्लीननं एकदम स्वतःच्या पिशवीत हात घातला, नारळ बाजूला केला आणि ब्लाऊजपीस काढलं. लालभडक, जरीच्या काठाचं, विठाबाईनं घरून ओटीसाठी आणलेलं. नीलमनं ते हातातून ओढून घेतलं, फाटकाच्या आडव्या गजावर पाय देऊन वर चढली आणि डोक्यावर गरागरा फिरवलं.

पुलावर डोळे उघडले. विठाबाई बघत राहिली. आपलं कापड बाईला लांबूनही कळतं. ती उठायला गेली, पूल हलला, ती पुन्हा बसली. पुन्हा उठली. कठडा धरून, एक एक पाऊल टाकत, त्या चालत्या पुलावरून चालू लागली.

धक्क्याकडून भोंगा वाजला. लांब.

*

फाटकाचा माणूस कुलूप काढायला तयार नव्हता. शार्लीन त्याच्याशी भांडत होती, कपाळावर कुंकू तसंच, हातात टोपी. तो आकाशाकडं बघून मान हलवत होता. जहाज जाऊ दे. पूल टेकू दे. दोन्हीकडून फाटकाशी येऊन सासू-सून उभ्या राहिल्या आणि मधे जाळी.

"लागलं का कुठं?" नीलमनं जाळीतून बोटं घातली.

"काय लागतंय. फूल चालाय लागला बया! मला वाटलं मलाच घेरी आली. रामराम म्हणत बसले खाली."

"कशाला आलात पण इकडं? जत्रेत सार्थकला तुम्हीच सांगता ना, चुकलास तर जागा सोडायची नाही, पायरीवर बसायचं?"

"बसले की. मिरच्या बघाय वळले, फिरून बघते तर तुमी कुणीच न्हाई. लई वेळ बसले. त्या भाजीवालीपाशी. ही बघ, मिरच्या दिल्या तिनं." पदराच्या टोकाला पिवळ्या, बुटक्या मिरच्यांची गाठ होती. "मग पलीकडं बोट दिसली. धूर निघाला तिचा. म्हणलं, ही चालली, आन् तू त्यात असशील. म्हणून निघाले."

"मी तुम्हाला टाकून गेले नसते आत्या."

विठाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. बोटं जाळीतच राहू दिली.

"बस गेली न्हवं?"

तेलाचं मोठं जहाज खाडीतून आत शिरत होतं. इतकं हळू, की नीलमला त्याला मागून ढकलावंसं वाटलं. त्याचं काळं लोखंडी नाक पुढं आलं, मग पोट, मग पोटच पोट. पर्समध्ये फोन थरथरत होता. सत्यजीत. सत्यजीत. दत्ता. सत्यजीत. तिनं उचलला नाही. एका हातानं जाळी धरली होती, दुसऱ्या हातातलं ब्लाऊजपीस ठेवायला जागा नव्हती.

"गोळी घेतली का?" ती म्हणाली.

"तुझ्यापाशी हाय."

कुलूप निघालं.

*

शार्लीननं भररस्त्यात हात करून कुणाची तरी गाडी थांबवली. गाडीत नीलमनं सासूच्या गळ्यात कार्ड घातलं, पट्टी मानेला घासू नये म्हणून पदर खाली सारला. पट्टी दोनदा उलटी पडली.

धक्क्यावर माणूस नव्हतं. सगळे वर गेले होते, कठड्याला टोप्यांची निळी रांग दिसत होती. बोटीत चढायचा तिरपा जिना मात्र अजून लावलेला होता, कारण त्यावर बबनराव आडवे होते. एका पायातला बूट काढलेला, पाय दोन्ही हातांत धरलेला, आणि तोंडानं "अगाऽऽई, गोळा आलाया, गोळा!" बोटीचे दोन पांढरे गणवेशवाले त्यांच्यावर वाकले होते. सत्यजीत इंग्रजीत गोळा समजावून सांगत होता.

हिरवं लुगडं दिसलं आणि गोळा गेला. बबनराव उठले, बूट घातला, त्या दोघा गणवेशवाल्यांना हात जोडले.

"नारळ शिल्लक असता तर यांचा बी केला असता," ते म्हणाले.

विठाबाई मागं वळली. शार्लीन खालीच उभी होती, टोपी पुढं धरून, परत घ्या म्हणत. विठाबाईनं ती घेतली, अडकलेली पिन काढून आपल्या पदराला लावली आणि टोपी पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवली. दिलेलं परत घेत नाहीत.

*

बेट लांब गेलं. रंग एकमेकांत मिसळले. वरच्या डेकवर बबनराव आपला गोळा प्रत्येकाला नव्यानं सांगत होते. खाली आपल्या खोलीत विठाबाई पलंगाच्या कडेला बसली होती, मिरच्यांची गाठ सोडत होती. नीलमनं गोळी दिली, पाणी दिलं, आणि पुढं काय करावं ते न कळून उभी राहिली.

फोन वाजला. दत्ताचा आवाज: "नीलम, आता मला काळजी वाटाय लागलीया बरं का. आईचा आवाज पाठव. तुझा नको, तिचा."

तो आवाज खोलीत मोठ्यांदा पसरला. विठाबाईनं ऐकला. हात पुढं केला.

नीलमला फोन द्यावाच लागला. तिनं बटण दाबून धरलं, तेवढा अंगठा तिचा होता, बाकी सगळं सासूच्या हातात. लाल ठिपका लुकलुकायला लागला. विठाबाई जराशी खाकरली.

"दत्ता," विठाबाई म्हणाली. "हितं फूल चालतो रं बाबा. मान्सं जिथल्या तिथं, आन् फूल चालतो. सार्थकला सांग. मिरच्या बी हायेत, पिवळ्या. झोपा आता."

नीलमनं अंगठा उचलला. आवाज यवतला गेला. ती पहिल्यांदाच पलंगावर, सासूच्या शेजारी टेकली.

"आत्या, तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना," ती म्हणाली.

विठाबाईनं एक मिरची मोडून वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते पदरानं पुसलं.

"सांगनार हाय की," ती म्हणाली. "फोनावं कशाला? घरी गेल्यावं. तू समोर बस, तवा सांगीन."

आणि उरलेल्या मिरच्या तिनं उशीपाशी नीट मांडून ठेवल्या.